मालगुजारी तलावांतील मासेमारी

मालगुजारी तलावांतील मासेमारी हा पूर्व विदर्भातील ढिवर समाजाचा पारंपरिक व्यवसाय आहे. नागपूर विभागातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांमध्ये असे हजारो तलाव असून ते 'माजी मालगुजारी तलाव' किंवा संक्षेपाने 'मामा तलाव' या नावाने ओळखले जातात. भातशेतीच्या सिंचनासाठी बांधलेल्या या तलावांच्या उथळ, गवताळ काठावर पावसाळ्याच्या आरंभी स्थानिक मासे अंडी घालतात. हा काठ कितपत शाबूत आहे, यावर या मासेमारीचे भवितव्य अवलंबून असते.

पार्श्वभूमी

गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने या भागातील अनेक तलाव बांधले. नवेगावबांध हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण होय. ब्रिटिश काळात गावाचा शेतसारा भरणारे मालगुजार तलावांचे मालक झाले. नागपूर ही तत्कालीन मध्य प्रदेशची राजधानी असताना १९५० साली मालगुजारी नष्ट करणारा कायदा संमत झाला आणि तलाव शासनाच्या ताब्यात गेले. आज बहुतेक लहान तलाव जिल्हा परिषदांकडे, तर मोठे तलाव पाटबंधारे विभागाकडे आहेत. मासेमारीचा हक्क सामान्यतः मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिला जातो.

हंगाम आणि माशांचे वर्तन

समशीतोष्ण प्रदेशांतील ट्राउटच्या मासेमारीचा हंगाम वसंतात थंड पाणी उबदार होऊ लागले की सुरू होतो. विदर्भातील तलावांचे पाणी थंडीतही तितके गार होत नाही. येथे माशांना विणीचा संकेत मिळतो तो पावसाच्या नव्या पाण्यातून. जूनच्या मध्याला मोसमी पाऊस सुरू झाला, की ओढ्यांचे पाणी तलावात शिरते आणि अंडी धरलेले मासे प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने काठाकडे, तसेच लगतच्या बांध्यांमध्ये जातात. महाराष्ट्राच्या अन्य भागांत अशा माशांना 'चढणीचे मासे' म्हणतात. कोकणात या घटनेला 'वलगण' असे नाव आहे.

मरळ मासा पाणवनस्पतींच्या आडोशाला घरटे करून पिलांची राखण करतो. शिंगी आणि मागूर हे मासे हवेतील प्राणवायूही घेऊ शकत असल्याने अत्यंत उथळ पाण्यात तग धरतात. चढणीच्या काळात मासे सहज हाती लागतात. मात्र तेव्हा धरलेल्या प्रत्येक मादीबरोबर पुढील पिढीची अंडीही नष्ट होतात.

भाताला शेवटचे पाणी दिल्यानंतर तलावाची पातळी घटू लागते आणि उन्हाळ्यात मासेमारीला जोर येतो. त्यासाठी फेकजाळी, अडवी लावायची जाळी, गळ आणि बांबूच्या कामट्यांचे सापळे वापरले जातात. शेतीसाठी तलाव पूर्ण उपसला गेल्यास पुढील विणीसाठी मासे उरत नाहीत. त्यामुळे किमान पाणीसाठा हा शेतकरी व मच्छीमार यांच्यातील वादाचा विषय ठरतो.

मत्स्यबीज आणि त्याचे परिणाम

कतला, रोहू आणि मृगल हे मासे नदीच्या वाहत्या पुराच्या पाण्यात वितात. तलावाच्या स्थिर पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाच्या साहाय्याने या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यानंतर केंद्रांत तयार झालेले मत्स्यबीज दरवर्षी तलावात सोडण्याची पद्धत रूढ झाली. तिने उत्पन्नाची हमी वाढली; परंतु संस्थांना बीज दरवर्षी विकत घ्यावे लागते. याउलट स्थानिक मासे तलावातच वाढतात व त्यांच्या बीजाला खर्च येत नाही. गवत्या माशासारख्या विदेशी जाती पाणवनस्पती खातात, त्यामुळे स्थानिक माशांचा आसरा कमी होतो.

ऱ्हासाची कारणे

मूळची अमेरिका खंडातील बेशरम ही वनस्पती अनेक तलावांच्या काठावर माजली आहे. ती मूळ पाणवनस्पतींची जागा व्यापते. गाळ साचणे, काठावरील अतिक्रमण आणि शेतातून येणारी रासायनिक खते यांचाही परिणाम होतो. गाळ काढताना तलाव सरसकट खोल केल्यास साठा वाढतो, मात्र विणीसाठी आवश्यक असलेला हलका उतार नाहीसा होतो.

पुनरुज्जीवन

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था आणि तिचे अभ्यासक मनीष राजनकर यांनी ढिवर समाजाचे पारंपरिक ज्ञान आधाराला घेऊन काही तलावांचे पुनरुज्जीवन हाती घेतले. या कामात ढिवर महिलांचा पुढाकार आहे. उन्हाळ्यात तलाव आटल्यावर बेशरम मुळासकट उपटली जाते, उथळ भागाची नांगरणी होते आणि पाऊस सुरू झाल्यावर हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या देशी पाणवनस्पती लावल्या जातात. या वनस्पतींमुळे माशांना अन्न, आडोसा व अंडी घालण्यास जागा मिळते. पाणपक्ष्यांनाही त्यांचा उपयोग होतो.