वाहन कुणाचे, अपराध कुणाचा?

गेल्या श्रावणात भ्रमणध्वनीवर एक संदेश आला. फ्रीगंजातील चौकात माझ्या दुचाकीवरील स्वाराच्या मस्तकी शिरस्त्राण नव्हते, सबब दंड भरावा. (आम्ही ‘हेल्मेट’च म्हणतो, शिरस्त्राण म्हटले की ढाल-तलवार आठवते.) छायाचित्रात क्रमांक सुस्पष्ट, स्वार पाठमोरा. त्या वेळी मी शाळेत प्रार्थनेस उभा होतो. गाडी भाच्याकडे होती.

खडू कोणी फेकला हे न कळल्यास, तो ज्याच्या बाकाजवळ पडला त्यालाच शिक्षा करणारा शिक्षक कुणास आवडत नाही. मग कायदा काय सांगतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३६-अ घालून कॅमेऱ्याच्या देखरेखीस आधार देण्यात आला. २०२१ च्या नियमांनी तीस मर्यादाही घातल्या. यंत्रास मान्यतेचे प्रमाणपत्र हवे, रस्त्यावर ठळक सूचनाफलक हवा आणि अपराधाची नोटीस १५ दिवसांत निघावयास हवी. नियमांतील शहरांच्या यादीत आपले उज्जैनही आहे.

खरी मेख मात्र जुन्या कलम १३३ मध्ये आहे. चालकावर आरोप असता, पोलिसांनी विचारल्यास त्याचे नाव-पत्ता सांगणे हे मालकाचे कर्तव्य होय. मालक स्वतःच स्वार असेल तर? आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करू नये, असे संविधानाचे कलम २०(३) म्हणते. ब्रिटनमधील दोघा मोटारमालकांनी हाच प्रश्न युरोपीय मानवाधिकार न्यायालयात नेला आणि २००७ साली ते हरले. मोटार बाळगणाऱ्याने तिच्यासवे येणारी बंधनेही पत्करलेली असतात, असा न्यायालयाचा आशय होता. मला तो पटतो. परंतु विचारल्यावर नाव सांगणे निराळे आणि न विचारताच दंड मागणे निराळे. माझ्या संदेशात “कोण चालवीत होते?” हा प्रश्नच नव्हता!

कचेरीत गेलो. “मास्साब, भर दीजिए, कहाँ चक्कर काटेंगे?” असा आपुलकीचा सल्ला मिळाला. रक्कम किरकोळ खरी. पण या अपराधास तीन महिने परवान्यास अपात्र ठरविण्याचीही तरतूद आहे. तेव्हा परवाना कुणाचा, हे किरकोळ कसे?

सायंकाळी भाच्यापुढे कागद ठेवला. “मामा, माझंच नाव लिहा,” तो म्हणाला. त्याची आई, म्हणजे आमची ताई, आमच्याकडेच असते. तिचा चेहरा उतरला. पोराची नोकरीची परीक्षा तोंडावर होती. मी नाव लिहिले, खाली त्याची सही घेतली आणि दुसऱ्या दिवशी अर्ज देऊन पोच आणली. उत्तर अद्याप आलेले नाही. हेल्मेट मात्र ताईने त्याच आठवड्यात आणले.