पुस्तक मिटल्याशिवाय उजळणी होत नाही

चाचणी परीक्षा जवळ आली की घरोघरी तोच सल्ला दिला जातो : ‘धडा आणखी दोनदा वाचून काढ, पक्का होईल.’ शिकवणीतही हेच सांगतात, आणि मुलं बिचारी ऐकतात.

गैरसमज : पुन्हा पुन्हा वाचलं की लक्षात राहतं.

वस्तुस्थिती : वाचून मजकूर ओळखीचा होतो, पण ओळखीचा वाटणं वेगळं आणि आठवणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे तपासलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे 42 टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के. त्या पहिल्या पाच मिनिटांच्या यशामुळेच हा गैरसमज टिकून आहे! डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या. पुनर्वाचन आणि ओळी रंगवणं कमी उपयोगाचं ठरलं. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास अनेक दिवसांत विभागणं सर्वांत उपयोगी.

मराठीतल्या अलंकारांत तर नुसतं वाचन साफ तोकडं पडतं. व्याख्या तोंडपाठ असते, पण नवी ओळ समोर आली की मूल अडखळतं. त्यापेक्षा वही मिटून एकच कल्पना फिरवून लिहायला सांगा. ‘चेहरा चंद्रासारखा’ ही उपमा. ‘चेहरा जणू चंद्रच’ ही उत्प्रेक्षा. ‘मुखचंद्र’ हे रूपक. ‘चंद्राहून सुंदर चेहरा’ हा व्यतिरेक. ‘हा चेहरा नव्हे, चंद्रच’ ही अपन्हुती. उपमेय (इथे चेहरा) आणि उपमान (इथे चंद्र) यांचं नातं प्रत्येक वेळी कसं बदलतं, हे लिहिताना कळतं.

आणखी काही गैरसमज :

‘सारखा’ दिसला की उपमा. नाही. ‘तो वडिलांसारखा दिसतो’ हे साधं विधान आहे. त्यात अलंकार नाही.

यमक नसेल तर कविता नाही. मुक्तछंदही कविताच.

अपठित उताऱ्याची तयारी करता येत नाही. येते. रोज एक परिच्छेद वाचा, मिटा, त्याचा आशय एका वाक्यात लिहा, मग ताडून पाहा.

मातृभाषेचा अभ्यास कशाला? बोलता येतं म्हणून रूपक ओळखता येतंच असं नाही.

पालकांनो, ‘किती वेळा वाचलंस?’ हा प्रश्न आता सोडा. ‘न बघता काय सांगतोस?’ असं विचारा, आणि उत्तर अडखळलं तर रागावू नका. कुठे अभ्यास करायचा, हे त्या अडखळण्यातूनच समजतं.