अँटिक
अँटिक हा जुन्या, दुर्मीळ व संग्राह्य वस्तूंसाठी मराठीत रूढ झालेला इंग्रजी शब्द आहे. कायदा व पुरातत्त्व या क्षेत्रांत त्यासाठी 'पुरावस्तू' किंवा 'पुराणवस्तू' हे शब्द वापरतात.

व्युत्पत्ती
लॅटिन भाषेत 'आन्ते' म्हणजे पूर्वी. त्यावरून 'प्राचीन' या अर्थाचे 'आन्तिक्वुस' हे विशेषण झाले व फ्रेंचमार्फत ते सोळाव्या शतकात इंग्रजीत आले. आरंभी हा शब्द प्रामुख्याने ग्रीक व रोमन अवशेषांसाठी वापरला जाई. रोमच्या अवशेषांत सापडलेल्या चित्रविचित्र आकृत्यांना इटालियन भाषेत याच मुळातील 'आंतिको' शब्द लावला गेला. त्यातून विचित्र चाळे या अर्थाचा दुसरा इंग्रजी शब्द निघाला. मराठीतही विक्षिप्त माणसाला थट्टेने 'अँटिक पीस' म्हणतात.

कायदेशीर अर्थ
बोलण्यात कोणतीही जुनी वस्तू अँटिक ठरते. कायद्यात तसे नाही. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार नाणी, शिल्पे, चित्रे, कोरीव लेख अथवा वास्तूपासून सुटलेले भाग किमान १०० वर्षांचे असल्यास पुरावस्तू ठरतात. वाङ्मयीन, ऐतिहासिक वा शास्त्रीय मूल्याच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षे आहे. पुरावस्तूंच्या विक्रीव्यवसायास परवाना लागतो. खासगी व्यक्तीस त्यांची निर्यात करता येत नाही. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते.

उदाहरणे
अंबरनाथ येथील शिवमंदिरातील शिलालेखात शके ९८२ (इ.स. १०६०) हा काळ व शिलाहार राजा माम्वाणी याचा उल्लेख आहे. मंदिर हे केंद्र संरक्षित स्मारक आहे. त्याला अँटिक म्हणत नाहीत. मात्र अशा प्राचीन वास्तूचा निखळलेला शिल्पखंड पुरावस्तू ठरतो. तो घरी नेल्यास वस्तू टिकते, पण ती कोठे, कशासोबत होती हा पुरावा नाहीसा होतो. संरक्षित स्मारकातून असा भाग हलवणे हा गुन्हाही आहे.

शेजारच्या उल्हासनगरची वसाहत दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवून उभी राहिली. त्या काळातील बराकींचे दार वा खिडकी जुनी असली, तरी अद्याप शंभर वर्षांची नाही. तसेच तेथील प्रसिद्ध फर्निचर बाजारात जुन्या धाटणीची नवी खुर्ची मिळाल्यास ती 'अँटिक शैलीची' म्हणता येईल, अँटिक नव्हे.