चेंडू आणि लातूरची वाट

गेल्या दिवाळींत आमच्या नांदेडच्या घरीं एक वाद झाला. दहावीनंतर नातवानें लातुरास जावें व वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करावी, असें सर्वांनीं ठरविलें होतें. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द मराठवाड्यांतील घराघरांत आतां परवच्यासारखा म्हटला जातो. तोंच नातू हळूच म्हणाला, ‘‘आजोबा, मला फुटबॉल खेळायचा आहे.’’ माजघरांत सर्व जण गप्प झाले, आणि निवाड्यासाठीं आमच्या तोंडाकडे पाहूं लागले.

त्या रात्रीं त्यानें आम्हांस अनिकेत जाधव या खेळाडूची हकीकत सांगितली. ती वाचकांसही विचार करावयास लावील, असें वाटल्यावरून येथें देतों.

अनिकेतचा जन्म २००० सालीं कोल्हापुरांत झाला. वडील रिक्षा चालवीत. कोल्हापुरास कुस्तीइतकेंच फुटबॉलचें वेड; पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशीं नांवें धारण करणारे पेठांचे संघ तेथें शाहू स्टेडियमवर झुंजतात. मुलानें गुरुगृहीं जावें अशा दहाएक वर्षांच्या वयांत तो घर सोडून पुण्यास, सरकारच्या क्रीडा प्रबोधिनींत दाखल झाला. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतांत भरला, तेव्हां एकवीस जणांच्या भारतीय संघांत हा मराठी मुलगा होता. अमेरिका, कोलंबिया व घाना या तिघांकडूनही आपण हरलों. परंतु त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ‘इंडियन ॲरोज’ या कोंवळ्या मुलांच्या संघानें आय-लीगच्या त्या हंगामांतील आपला पहिला सामना चेन्नई सिटीविरुद्ध तीन गोलांनीं जिंकला, त्यांतील दोन अनिकेतचे होते. पुढें २०१९ मध्यें तो इंग्लंडांत ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे कांहीं काळ शिकावयास गेला, तेथून जमशेदपूरच्या व मग हैदराबादच्या संघांत आला. २०२२ च्या मार्चमध्यें हैदराबादनें इंडियन सुपर लीग जिंकली, तेव्हां तो त्या संघांत होता.

त्याची जागा कडेची. आघाडीला धांवावयाचें, आणि प्रसंगीं मध्यफळींत मागें येऊन चेंडू राखावयाचा. मध्यफळीचें काम नातवानें समजाविलें, तेव्हां आम्हांस उभयान्वयी अव्ययाची आठवण झाली. कर्ता तें नव्हे, क्रियापदही नव्हे. पण तें गळलें कीं वाक्य तुटतें. बचावाकडून चेंडू घ्यावयाचा, मान वर करून कोण मोकळा आहे तें पाहावयाचें, आणि आपण गोल न करितां दुसऱ्याच्या पायाशीं तो पोंचवावयाचा. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मुलास ही विद्या अवघड जाऊं नये.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. मास्तरकीच्या दिवसांत आम्ही एका विद्यार्थ्याचा चेंडू कपाटांत कुलूपबंद केला होता. तो त्यानें परत मागितला नाहीं, आणि आम्हीही दिला नाहीं. धातुरूपें त्याला शेवटपर्यंत आलीं नाहींत. म्हणजे चेंडूही गेला आणि संस्कृतही राहिलें.

नातवाची हकीकत ऐकतांना मनास जें लागलें तें वय. अनिकेत दहाव्या वर्षीं प्रबोधिनींत गेला. आमचा नातू पंधरा वर्षांचा. म्हणजे हा प्रश्न आमच्या घरीं पांच वर्षें उशिरां निघाला, आणि तो दोष मुलाचा नव्हे. दहाव्या वर्षीं तो अंगणांत भिंतीवर चेंडू मारी, तेव्हां ‘‘पोपडे पडतात’’ एवढेंच आम्हीं पाहिलें.

चेंडूमागें धांवणारा प्रत्येक मुलगा अनिकेत होत नाहीं, हें खरें. तसाच लातुरास गेलेला प्रत्येक मुलगा डॉक्टरही होत नाहीं. पण तेथील खर्चास कोणी जुगार म्हणत नाहीं! आपल्या नांदेडास गुरु गोविंदसिंहजींच्या नांवानें अखिल भारतीय हॉकी सामने भरतात. ते पाहावयास जाणारे आपण, घरांतल्या मुलाचे पाय पाहावयास मात्र विसरतों.

नातू जूनमध्यें लातुरास गेला. रोज संध्याकाळीं एक तास मैदानाचा, त्यांत कोणीही आडकाठी घालूं नये, अशी अट आम्हीं सर्वांकडून मान्य करवून घेतली. त्याच्या ट्रंकेंत पुस्तकांच्या वर चेंडू आम्हीं आपल्या हातानें ठेविला. तेवढ्यानें मागील पांच वर्षें भरून येणार नाहींत, हें आम्ही जाणतों. धाकटी नात मात्र आतां आठ वर्षांची आहे. ती कशामागें धांवते, तिकडे आमचें लक्ष आहे.