राज्यपालाविना राज्य

एश्बॉर्न हे फ्रँकफुर्टला खेटून असलेलं, हेसन राज्यातलं गाव. हेसनला स्वतःची विधानसभा आहे, मुख्यमंत्री आहे, राज्यघटनासुद्धा आहे; राज्यपाल मात्र नाही. जर्मनीच्या सोळाही राज्यांत हे पद नाही. भारतातून नव्याने आलेल्या मंडळींना हे सांगितलं, की आम्हाला हमखास प्रश्न येतो, "मग कुणालाच बहुमत नसलं, तर सरकार बनवायला बोलावतं कोण?"

२००८ साली इथे नेमकं तेच झालं. जानेवारीच्या निवडणुकीत ११० जागांपैकी दोन्ही मोठ्या पक्षांना प्रत्येकी ४२ मिळाल्या. बोलावणारं कुणी नव्हतंच. घटनेप्रमाणे जुने मुख्यमंत्री रोलांड कोख काळजीवाहू म्हणून कामावर राहिले. आंद्रेया इप्सिलांटींनी केलेली जुळवाजुळव नोव्हेंबरात त्यांच्याच पक्षाच्या चौघांनी नकार दिल्याने फसली. शेवटी विधानसभेने स्वतःच स्वतःला विसर्जित केलं आणि जानेवारी २००९ मध्ये पुन्हा मतदान झालं. कारभार लंगडत चालला, हे खरंच. पण जे झालं ते दिवसाढवळ्या.

आता आपल्याकडचं २०१९ आठवा. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. राज्यपाल कोश्यारींच्या अहवालावरून १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. ती २३ तारखेला पहाटे ५.४७ ला उठली आणि सकाळी आठच्या सुमारास शपथविधीही उरकला! सर्वोच्च न्यायालयाने बहुमत सभागृहातच सिद्ध करा म्हटलं, तेव्हा फडणवीसांनी राजीनामा दिला. २०२२ मध्ये ठाकरे सरकारला बहुमत सिद्ध करायला सांगणं चुकीचं होतं, असं न्यायालयाने मे २०२३ मध्ये ठरवलं. पण ठाकरेंनी आधीच राजीनामा दिलेला असल्याने सरकार परत आणता आलं नाही.

मुदतीचंही तसंच. कलम १५६ म्हणतं पाच वर्षं, पण राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच. राष्ट्रपतींची म्हणजे अर्थात केंद्र सरकारची. अलेक्झांडर १९९३ पासून २००२ पर्यंत होते, कोश्यारी साडेतीन वर्षांत गेले. केंद्रातलं सरकार बदललं एवढ्याच कारणाने राज्यपाल काढता येत नाही, असं २०१० चा निकाल सांगतो, तेवढाच काय तो आधार.

आम्ही पडलो अभियंते. कुठल्याही यंत्राला मर्यादा किती, हे आधी विचारतो. इथे ती सापडत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी बारा नावं पाठवली. सरकार पडेपर्यंत त्यांवर निर्णयच झाला नाही. मतदार मत देऊन घरी गेल्यावर त्याच्या मताचं काय होतं, हे इतक्या सैल दोरीवर का टांगायचं?

कुणाला आधी बोलवावं, याचा क्रम सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात लिहून ठेवला आहे: निवडणुकीआधीची आघाडी, मग इतरांच्या पाठिंब्यासह सर्वांत मोठा पक्ष, मग निकालानंतर जुळलेली आघाडी. तो आजही शिफारसच आहे.