चर्चच्या घंटेच्या टप्प्यातल्या शाळा

विरार, नालासोपारा किंवा वसई रोड, यांपैकी कुठल्याही स्टेशनवर पश्चिमेला उतरावं आणि समुद्राच्या दिशेनं निघावं. सुरुवातीला उंच इमारती, मोबाइलची दुकानं, हॉर्न. मग रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना वाड्यांची कुंपणं लागतात, केळीची पानं रिक्षाच्या टपाला घासू लागतात. एखाद्या तिठ्यावर फुलांचा हार घातलेला क्रूस दिसतो. पुढच्या वळणावर चर्चचा पांढरा दर्शनी भाग, आणि त्याच आवारात, चर्चच्या भिंतीला जवळजवळ टेकून, शाळा.

नंदाखाल, पापडी, सांडोर, गास, गिरीज, रमेदी. गावाचं नाव बदलतं, मांडणी फारशी बदलत नाही. मध्ये चर्च, एका अंगाला फादरांचं निवासस्थान, मागे दफनभूमी, पुढे मैदान आणि मैदानाच्या कडेला वर्गांची रांग. वसई बघायला येणारा माणूस किल्ला बघतो, फोटो काढतो आणि परततो. किल्ला बघावाच, पण त्यात आता कुणी राहत नाही. या पट्ट्यातला माणूस कसा घडला हे समजून घ्यायचं असेल, तर चर्चच्या आवारातल्या प्राथमिक शाळेकडे बघायला हवं.

कथेची सुरुवात मात्र किल्ल्यातूनच करावी लागते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. पाठोपाठ फ्रान्सिस्कन आणि जेझुइट मिशनरी आले. चर्च उभारायचं आणि तिथेच मुलांना प्रार्थना, अक्षरं आणि गाणं शिकवायचं, अशी त्यांची रीत. जेझुइटांच्या हाताखाली वाढलेल्या इथल्या एका मुलाचं नाव पुढे सातासमुद्रापार गेलं. गोन्सालो गार्सिया, जन्म १५५७ च्या सुमाराचा, बाप पोर्तुगीज आणि आई इथली. तो जपानला गेला, तिथे व्यापार केला, पुढे फ्रान्सिस्कन संघात शिरला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला हा पहिला संत. वसईच्या महाविद्यालयाला त्याचं नाव आहे आणि किल्ल्यातल्या जेझुइटांच्या चर्चलाही लोक त्याच्याच नावानं ओळखतात.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, किल्ल्यातले मठ ओस पडले. गावांतली काही चर्चं मात्र टिकली. नंदाखालचं चर्च १५७३ चं, रमेदीचं त्याहून जुनं, १५५७ चं. राज्यकर्त्यांचा धर्म राज्यकर्त्यांबरोबर निघून जायला हवा होता, असं कुणाला वाटेल. तो गेला नाही, कारण तोवर तो केळीच्या वाडीत काम करणाऱ्याचा, दर्यावर जाणाऱ्याचा झाला होता. त्यांना बांधून ठेवणाऱ्या दोन गोष्टी होत्या: रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, आणि पोरांना शिकवली जाणारी प्रार्थना.

ती प्रार्थना कुठल्या भाषेत? फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं मराठी ओवीत लिहिलेलं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं. त्याच्या आरंभीच एक गंमत आहे. सासष्टीच्या चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग चालू आहे आणि नव्यानं ख्रिस्ती झालेला एक जण पाद्रींना म्हणतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचायला आम्हाला काही द्याल की नाही? एवढ्या मोठ्या मराठी काव्याचा उगम मुलांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला व्हावा, याचं मला नेहमी नवल वाटतं. प्रश्न विचारणाऱ्याचं कौतुक जास्त.

वेदीवरची भाषा मात्र पुढची साडेतीनशे वर्षं लॅटिनच राहिली. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं लोकभाषेत उपासना करायला मोकळीक दिली, तेव्हा वसईत मराठी मिस्सा रुजायला वेळ लागला नाही. लोक आधीपासून मराठी वाचत होते. ‘सुवार्ता’ मासिक १९५५ पासूनच निघत होतं. ही वाचणारी पिढी चर्चच्या मराठी शाळांनी तयार केली होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालचे. तिथल्या संत जोसेफ मराठी हायस्कूलमध्ये शिकलेला हा मुलगा १९८३ पासून २००७ पर्यंत ‘सुवार्ता’चा संपादक होता, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा मानकरी ठरला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. जुलै २०२४ मध्ये ते गेले. सिसिलिया कार्व्हालो, सायमन मार्टिन यांचं लेखनही याच मातीतलं. एका तालुक्याच्या पश्चिम पट्टीतून मराठीत एवढी नावं यावीत, यात या शाळांचा वाटा मोठा आहे.

त्यातही एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. पहिलीत येणारं मूल घरी प्रमाण मराठी बोलतच नव्हतं. कुपारी, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती, घरातलं मूल सामवेदी बोलायचं, वाडवळाचं वाडवळी, कोळ्याचं कोळी. एका बाकावर तीन बोली. त्या बाकावरून वर आलं की वाचायचं मराठी, लिहायचं मराठी आणि देवाशी बोलायचं तेही मराठी. धर्म आणि शाळा एका आवारात असल्याचा हा खरा परिणाम.

शाळेचा दिवस इतर कुठल्याही मराठी शाळेसारखाच सुरू होतो. घंटा, रांगा, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष. फरक दिनविशेषाच्या फळ्यावर दिसतो. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी, अण्णाभाऊ साठ्यांची जयंती आणि संत अल्फोन्सस लिगोरींचा सण, तिन्ही त्या एका फळ्यावर मावतात. १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि मरियामातेला सदेह स्वर्गात घेतल्याचा सण एकत्रच येतो. झेंडावंदन आणि मिस्सा या दोहोंसाठी मुलांचा तोच पांढरा गणवेश चालतो. वर्गात बाई आणि सर. सिस्टर दारातून डोकावल्या की आवाज आपोआप खाली येतो. आणि फादर आले की अख्खा वर्ग उठून लांबलचक सुरात ‘गुड मॉर्निंग फादर’. मराठी शाळेत हे एवढं इंग्रजी कुठून आलं, ते कुणी विचारत नाही.

वर्षाला दोन पंचांगं असतात. एक शिक्षण खात्याचं, दुसरं चर्चचं. ऑक्टोबर जपमाळेचा, त्यात सहामाही परीक्षा. डिसेंबरात आगमनकाळ, त्यात स्नेहसंमेलनाच्या तालमी. ख्रिस्तजन्माच्या नाटकात गाव गोळा होतं. पूर्वेकडून आलेल्या तीन राजांपैकी एकाच्या डोक्यावर गेल्या संमेलनातला मावळ्याचा फेटा असतो आणि मेंढपाळांच्या खांद्यावर कुणाच्या तरी आजोबांची घोंगडी. फेब्रुवारी-मार्चमध्ये राखेचा बुधवार येतो, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन मुलं वर्गात बसतात आणि चाळीस दिवस खाऊचे पैसे डब्यात टाकायची शिकवण सुरू होते. ते पैसे गरजूंसाठी असतात. शेंगदाण्याची पुडी की डबा, हा सात वर्षांच्या जिवाला पडणारा नैतिक पेच कुठल्याही ग्रंथातल्या पेचाहून लहान नाही.

पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे फर्स्ट कम्युनियन, हा प्राथमिक शाळेच्या वयातला सगळ्यात मोठा दिवस. पूर्वी त्यासाठी मुलं दहा-बारा वर्षांची, कधी त्याहूनही मोठी व्हावी लागत. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी फर्मान काढून हे वय सात वर्षांच्या आसपास आणलं, मुलाला बरंवाईट कळू लागलं की पुरे म्हणून. त्या एका निर्णयानं जगभरच्या कॅथलिक प्राथमिक शाळांचं रूप बदललं. तिसरी-चौथीतली मुलं महिनोन्‌महिने तयारी करतात: प्रार्थना पाठ, आज्ञा पाठ, पापनिवेदन कसं करायचं याची रंगीत तालीम. (पाप कुठलं सांगायचं, हा मोठाच प्रश्न. भावाला मारलं आणि आईशी खोटं बोललो, ही दोन बहुतेकांच्या यादीत सापडावीत.) त्या दिवशी मुलींचे पांढरे झगे, मुलांचे पांढरे सदरे, आणि घरी मांडव घातलेला. लग्नाखालोखाल खर्च होतो अशी कुरकुर मोठी माणसं करतात आणि खर्चही करतात.

ही तयारी शाळेच्या तासात चालते का? इथे राज्यघटना मध्ये येते आणि आली ते बरंच झालं. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देतो. अनुच्छेद २८ म्हणतो, सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि मूल असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला बसवता येणार नाही. म्हणून ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाला बसली तरी बाकीच्यांना मूल्यशिक्षण असतं. धर्मशिक्षणाचा मुख्य भार तर रविवारवरच आहे. मिस्सा सुटली की त्याच वर्गांत, त्याच बाकांवर धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात. शिकवणारे बहुधा गावातलेच, कॉलेजात जाणारे तरुण, घर सांभाळणाऱ्या बाया, निवृत्त गुरुजी. पगार नाही. सोमवारी तीच मुलं तिथेच बसून पाढे म्हणतात.

शाळेचा खर्च कसा चालतो हेही सांगायला हवं, कारण श्रद्धेच्या गोष्टीत हिशेब विसरला जातो. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देतं, दुपारची खिचडीही सरकारी योजनेतली. इमारत, मैदान, दुरुस्ती संस्थेकडे, म्हणजे शेवटी धर्मग्रामातल्या, त्या चर्चच्या लोकांकडे. हिशेबाची ही सवय इथे जुनी आहे. १९१८ मध्ये फादर पी. जे. मोनिस यांनी सावकारीत अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी सहकारी पतसंस्था काढली, ती आजची बॅसीन कॅथलिक सहकारी बँक. चर्च, शाळा, पतपेढी, पुढे दवाखाना. वसईत कॅथलिक असणं म्हणजे नुसतं रविवारी गुडघे टेकणं नव्हे, ते या सगळ्यांचं सभासद असणं. शाळेचं मैदानही असंच सगळ्यांचं. सणाला तिथे दुकानं लागतात, सुट्टीत क्रिकेट चालतं, निवडणुकीत वर्ग मतदान केंद्रं होतात.

आता अवघड भाग. ज्या समाजानं या शाळा उभ्या केल्या, त्यानंच आपली मुलं तिथून काढून इंग्रजी माध्यमात घातली. याला दोष देणं सोपं आहे. वाडी विकली गेली, मुंबईत नोकरी हवी, आखातात किंवा कॅनडात जायचं, मग इंग्रजी हवं. हे गणित उभ्या महाराष्ट्रानं केलं तसंच वसईनंही केलं. चर्चनंही इंग्रजी शाळा काढल्या आणि त्यांत प्रवेशासाठी रांगा लागतात. मराठी वर्गांचा पट उतरला. पट उतरला की संचमान्यतेत शिक्षकांची पदं उतरतात, पदं उतरली की पालक आणखी बिचकतात.

आणि रिकाम्या बाकांवर कोण आलं? इमारतींच्या कामावर मराठवाड्यातून, खानदेशातून आलेल्या मजुरांची मुलं, घरकाम करणाऱ्या बायांची मुलं, आदिवासी पाड्यांवरची मुलं. चर्चच्या मराठी शाळेत ख्रिस्ती मूलच अल्पसंख्य, असं दृश्य आता दुर्मीळ राहिलेलं नाही. काही जण याला शाळेचं ख्रिस्तीपण संपणं म्हणतात. मला उलट वाटतं. ज्या मुलाला धर्मशिक्षणाला बसवायचं नाही, ज्याच्या बापाकडून देणगी मिळायची नाही, त्याच्यासाठी सिस्टरनं गणवेशाची सोय करणं आणि गैरहजर राहिलं तर बांधकामाच्या जागेवर जाऊन त्याची चौकशी करणं, हे शुभवर्तमानाच्या अधिक जवळचं आहे. पूर्वी ही शाळा आपल्या लोकांना सांभाळत होती. आता ती परक्यांना सांभाळते आहे, आणि ते आवारातला क्रूस न झाकता.

खरी अडचण दुसरीकडे आहे. इंग्रजी शाळेत गेलेल्या ख्रिस्ती मुलाला रविवारी मराठी शास्त्रपाठ वाचायला उभं केलं की ते जोडाक्षरांवर अडखळतं. मग इंग्रजी मिस्सेची मागणी होते, धर्मशिक्षण इंग्रजीतून सुरू होतं. आजीची जपमाळ मराठीत, नातीची इंग्रजीत. एका घरातली संध्याकाळची प्रार्थना दोन भाषांत फुटली तर ती एकत्र म्हणायची कशी, यावर इथल्या फादरांपासून कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचं मत आहे आणि एकाचंही दुसऱ्याशी जुळत नाही. १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा होऊन वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याची मोठी ओळख मराठी हीच होती. ती ओळख टिकवायची तर पहिलीचा मराठी वर्ग टिकवावा लागेल. नुसत्या मराठी मिस्सेनं ते होणार नाही, आणि हे धर्मप्रांतातल्या जाणत्यांना पुरतं ठाऊक आहे.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. शाळेच्या वेळेत आत शिरायचं तर आधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी आणि मुलांचे फोटो काढू नयेत. मराठी मिस्सा ऐकायची तर रविवारी सकाळी लवकर पोचावं. चर्चमध्ये मागच्या बाकावर कुणीही बसू शकतं, फक्त ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभं राहू नये. डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा उत्तम, गल्लोगल्ली गोठे आणि चांदण्या असतात. कार्तिक वद्य एकादशीच्या सुमारास गेलात, तर इथल्याच निर्मळ गावची यात्रा सापडेल. देऊळ शंकराचार्यांचं, पण सुकेळी घ्यायला सगळ्या गावांची, सगळ्या धर्मांची झुंबड. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी. घासाघीस फारशी चालत नाही, आणि दुपारनंतर चांगला माल उरत नाही.