‘मॅश’मधला तारखांचा घोळ

कोरियन युद्ध चाललं 3 वर्षं, त्यावरची ‘मॅश’ ही अमेरिकी मालिका मात्र 11 (1972 ते 1983). हिशेब चुकणारच होता. सगळ्यात मोठा घोटाळा ‘अ वॉर फॉर ऑल सीझन्स’ या भागात आहे. तो सुरू होतो 1950च्या 31 डिसेंबरला आणि वर्षभराने संपतो; मालिकेतल्या लष्करी इस्पितळाच्या छावणीचा प्रमुख तेव्हा कर्नल पॉटर. पण चौथ्या सीझनमध्ये हाच पॉटर हजर झाला होता 19 सप्टेंबर 1952ला! त्याच्याही नंतर आलेला सर्जन चार्ल्स इथे ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघावर पैजा लावून हरतो. डॉजर्सच्या पराभवाचा तो निकाल 3 ऑक्टोबर 1951चा, अगदी खरा. त्यामुळे ‘साल दुसरं असेल’ ही पळवाटही बंद.

घोळ फक्त तारखांचा नाही. मालिकेचा नायक डॉक्टर हॉकआय, त्याला सुरुवातीच्या भागांत आई आणि बहीण आहे. पुढे तो एकुलता एक होतो, आई लहानपणीच वारलेली. पॉटरच्या आधीचा छावणीप्रमुख हेन्री ब्लेक, त्याची बायको आधी मिल्ड्रेड, मग लॉरेन. रिकामं झालेलं ‘मिल्ड्रेड’ नाव पुढे पॉटरच्या बायकोला मिळालं. छावणीतला कारकून रडार, त्याच्या हाती दिसणारं ‘अ‍ॅव्हेंजर्स’ कॉमिक तर 1963पूर्वी निघतच नव्हतं. अर्थात, ऑपरेशनच्या टेबलावरचे संवाद ऐकताना कॅलेंडर बघायला सवड कुणाला असते!